खांबांची उंची

बँकेत एखादं काम आपल्याला येतं हे चारचौघांत कधी कळू देऊ नये. एकदा कळलं की ते काम निवृत्तीपर्यंत आपलं. आमच्या शाखेत ज्यांना एकदा गळकं कुलर दुरुस्त करता आलं ते गृहस्थ आज पंधरा वर्षं कुलरच दुरुस्त करताहेत. कर्जाच्या फायली त्यांच्यासाठी थांबतात, पण कुलर थांबत नाही. माझ्या बाबतीत हा घोटाळा आलेखामुळे झाला. बी. कॉम. झाल्यावर नोकरीच्या आशेने मी एमएस-सीआयटीचा कोर्स केला होता. त्यात वर्डमध्ये चार्ट कसा घालायचा हे एका तासात शिकवलं होतं. ही गोष्ट मी चहाच्या वेळी बढाई म्हणून सांगितली आणि त्या तिमाहीपासून शाखेच्या अहवालातले सगळे खांब मी उभे करू लागलो.

खांब उभा करणं तसं सोपं. इन्सर्टमध्ये जा, चार्ट म्हणा, की कागदावर लगेच बारा रंगीत खांब उभे राहतात. आपण अजून एकही आकडा दिलेला नसतो, पण वर्डला रिकामा हात दाखवायला आवडत नाही. तो आपल्या पदरचे आकडे घालतो. २००७ च्या आवृत्तीपासून हे आकडे ठरलेले आहेत : ४.३, २.४, २, पुढच्या ओळीत २.५, ४.४, २. खाली नाव, 'कॅटेगरी १', 'कॅटेगरी २'. हे आकडे पुसून त्या जागी आपले भरायचे असतात. पहिल्या खेपेला मी ते पुसलेच नाहीत. अहवाल तसाच वरच्या कचेरीत गेला आणि आठ दिवसांनी उत्तर आलं की प्रगती समाधानकारक आहे, कॅटेगरी ३ कडे मात्र अधिक लक्ष द्यावे.

तेव्हापासून मला एक उत्सुकता लागून राहिली. आकड्यांना खांब करण्याची ही कल्पना पहिल्यांदा कोणाच्या डोक्यातून निघाली असेल? माणूस गणिती असणार, ऋषितुल्य असणार, दाढीबिढी असणार, अशी माझी समजूत. चौकशी केली तेव्हा निघाला विल्यम प्लेफेअर. आडनाव बघा, 'प्लेफेअर'! आमच्याकडे गरिबाला कोट्याधीश आडनाव असतं, तसलाच प्रकार.

हा स्कॉटलंडचा, जन्म १७५९ चा. थोरला भाऊ जॉन मोठा गणिती आणि घरातला हुशार मुलगा. म्हणजे विल्यमचं लहानपण कसं गेलं असेल ते कोणत्याही धाकट्या भावाला विचारा. वाफेच्या इंजिनवाला जेम्स वॉट याच्याकडे तो नकाशे काढायला होता. पुढे त्याने चांदीच्या कामाचा धंदा करून पाहिला, पुस्तकं लिहिली, फ्रेंच राज्यक्रांतीच्या दिवसांत पॅरिसमध्ये बसून अमेरिकेतल्या जमिनी फ्रेंचांना विकण्याच्या एका भानगडीत तो होता, आणि त्या जमिनींचं पुढे काय झालं हे घेणाऱ्यांना कळलं तेव्हा तो तिथे नव्हता. १७९७ साली लंडनमध्ये भागीदारांबरोबर त्याने चक्क एक बँक काढली. ती बुडाली. हे वाचून मी खुर्चीत जरा सावरून बसलो. ज्या माणसाने आम्हा बँकवाल्यांना जन्माचे खांब लावून दिले, त्याची स्वतःची बँक बुडालेली! म्हातारपणी एका लॉर्डाकडून पैसे उकळण्याचाही त्याने प्रयत्न केला. १८२३ साली तो गेला तो दारिद्र्यातच.

पण डोकं बघा. १७८६ साली त्याने 'कमर्शियल अँड पोलिटिकल ॲटलास' नावाचं पुस्तक काढलं. ॲटलास म्हटल्यावर नकाशे हवेत, पण यात एकही नकाशा नव्हता. इंग्लंडने कोणाला किती माल विकला, कोणाकडून किती घेतला, याच्या वर्षावर्षाच्या चढत्या-उतरत्या रेघा होत्या. पैशाला उंची असते ही गोष्ट तोपर्यंत कोणाला सुचलेली नव्हती. लोकांना पटावी म्हणून त्याने एक दृष्टांत दिला, तो वाचून मी त्याला सगळ्या लबाड्या माफ केल्या. समजा, एखाद्या व्यापाऱ्याला दिवसभरात सगळे पैसे गिन्यांतच मिळाले. रोज संध्याकाळी त्याने त्या दिवसाच्या गिन्यांची एक चळत रचली. दुसऱ्या दिवशीची तिच्या शेजारी, तिसऱ्या दिवशीची तिच्या पलीकडे. महिनाअखेर त्या चळतींकडे नुसतं पाहिलं तरी धंदा कसा चालला ते कळेल. माझा आलेख म्हणजे ही चळतच, असं त्याचं म्हणणं.

आता सांगा, ही कल्पना गणितज्ञाची आहे का? ही कॅशियरची कल्पना आहे. आमच्या हेड कॅशियर मॅडम दुपारी चारला काउंटर बंद झाल्यावर नाण्यांच्या चळती लावायच्या. पाचाची, दोनाची, रुपयाची. चळत हाताने नीट करून झाली की मान किंचित मागे नेऊन बघायच्या. प्लेफेअर त्या वेळी तिथे असता तर त्याने टोपी काढली असती.

आणखी एक गंमत. आपण ज्याला स्तंभालेख म्हणतो तो या पुस्तकात एकच आहे, आणि तो नाइलाजाने आलेला आहे! बाकीच्या देशांच्या व्यापाराचे वर्षानुवर्षांचे आकडे त्याच्याजवळ होते. स्कॉटलंडचे मात्र १७८०-८१ या एकाच वर्षाचे मिळाले. एका वर्षात रेघ कुठून कुठे नेणार? तेव्हा त्याने सतरा ठिकाणांचे आयात-निर्यातीचे आडवे पट्टे काढून वेळ मारून नेली, आणि हा आलेख बाकीच्यांइतका चांगला नाही अशी कबुलीही देऊन टाकली. म्हणजे आज जगातल्या यच्चयावत सरकारी-निमसरकारी अहवालांतून जे उभे आहेत, ते मुळात आकडे कमी पडले म्हणून आले. ज्यांनी कधी शाखेचा अहवाल लिहिला आहे त्यांना यात आश्चर्य वाटणार नाही.

त्या काळी आलेखात दुरुस्ती करणं म्हणजे काय होतं याचीही कल्पना करून बघा. सगळं तांब्याच्या पत्र्यावर कोरायचं, तेही उलटं, आरशात दिसतं तसं. एक रेघ चुकली की तेवढा भाग खरवडायचा, घासून गुळगुळीत करायचा, खळगा पडला तर पत्र्याच्या पाठीमागून हातोडीने ठोकून वर आणायचा आणि पुन्हा कोरायचं. रंग तर छापून झाल्यावर एकेका प्रतीला हाताने द्यायचे. आमच्या साहेबांना पिवळ्याऐवजी फिकट पिवळा हवा झाला की मला दोन क्लिक पुरतात. त्या बिचाऱ्याला माणूस बसवावा लागला असता. एवढे कष्ट असल्यामुळे, मला वाटतं, कोरण्याआधी लोक आकडा दोनदा बघत असतील.

पुस्तकाचा मसुदा त्याने आपल्या जुन्या मालकाला, जेम्स वॉटला दाखवला होता. वॉटने सल्ला दिला : आलेखांबरोबर ज्यांच्यावरून ते काढले ती आकड्यांची कोष्टकंही छाप, नाही तर लोकांना सगळं तुझ्या शब्दावर घ्यावं लागेल. प्लेफेअरच्या शब्दाची बाजारात काय किंमत होती हे मालकाला ठाऊक असणारच. प्लेफेअरने ऐकलं आणि पहिल्या आवृत्तीत कोष्टकं दिली. वॉटचा हा सल्ला ध्यानात ठेवा, मला पुढे त्याची गरज पडणार आहे.

१८०१ साली या गृहस्थाने आणखी एक पुस्तक काढलं, 'स्टॅटिस्टिकल ब्रेव्हिअरी'. त्यात तुर्की साम्राज्याची जमीन युरोपात किती, आशियात किती, आफ्रिकेत किती, हे एका वर्तुळाच्या फोडी करून दाखवलं. हाच जगातला पहिला वृत्तालेख. पुस्तकाच्या लांबलचक शीर्षकाच्या शेपटीला, हिंदुस्थानातल्या राज्यकर्त्या सत्तांचंही असंच दर्शन जोडलं आहे, असं म्हटलं होतं. तेव्हा नाना फडणवीस जाऊन वर्षच झालं होतं आणि पुण्यात दुसऱ्या बाजीरावाची कारकीर्द चालू होती. लंडनमध्ये एक दिवाळखोर गृहस्थ हिंदुस्थानची वर्तुळं काढतो आहे याची शनिवारवाड्यात कोणाला कल्पना असण्याचं कारण नव्हतं. वर्तुळाच्या फोडी मात्र पुढे वेगळ्याच मंडळींनी वाटून घेतल्या.

आलेख काढणारा प्रत्येक जण काही असला उचापती नव्हता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपल्याला कंदीलवाली बाई म्हणून शाळेपासून माहीत आहे. पण क्रिमियाहून परत आल्यावर तिने जे केलं ते कंदिलाने झालं नसतं. १८५८ साली तिने महिन्यामहिन्याच्या मृत्यूंचे, फुलाच्या पाकळ्यांसारखे आलेख छापवले. बारा महिन्यांच्या बारा पाकळ्या. लाल भाग जखमांनी मेलेल्यांचा, काळा इतर कारणांचा, आणि निळा टाळता येण्यासारख्या रोगांनी मेलेल्यांचा. लाल शोधावा लागतो. निळा पानभर पसरलेला असतो. १८५५ च्या जानेवारीची निळी पाकळी तर अशी मोठी की तिच्याकडे पाहून मंत्र्यांना मान फिरवता येऊ नये. शत्रूच्या गोळीपेक्षा आपल्याच इस्पितळातल्या घाणीने किती तरी जास्त शिपाई मारले, हे सांगायला तिला एकही विशेषण वापरावं लागलं नाही. त्या पाकळ्यांत जितकी जागा तितकी माणसं. फोड मोठी काढली तर तेवढी मढी दाखवावी लागणार. हे वाचल्यापासून 'गोल चार्टची एक फोड जरा बाहेर ओढा हो, छान दिसते,' असं कोणी म्हटलं की माझा हात माऊसवर थोडा थबकतो.

थबकतो म्हणतो, पण नेहमी थबकला नाही. त्याकडे येतोच आहे.

मधला शंभरेक वर्षांचा काळ आलेख-कागदाचा. हिरव्या-निळ्या चौकटींचा तो कागद, टोक केलेली पेन्सिल आणि खोडरबर. आम्हाला कॉमर्सला संख्याशास्त्रात 'फॉल्स बेसलाइन' नावाचा पाच मार्कांचा प्रश्न असे. आकडे सगळेच मोठे असतील आणि त्यांच्यातला फरक लहान असेल तर कागद पुरत नाही. तेव्हा खालचा भाग गाळून मधूनच सुरुवात करायला परवानगी आहे, पण मग पायाशी दातेरी, नागमोडी रेघ काढलीच पाहिजे. का? तर वाचणाऱ्याला कळावं की इथे काही तरी कापलेलं आहे. सर फार कडक होते. दातेरी रेघ नसेल तर पाचांपैकी शून्य. "चोरी माफ आहे, पावती दिली पाहिजे," असं ते म्हणायचे.

मग संगणक आला. १९७९ साली व्हिजिकॅल्क नावाचं कोष्टक आलं, १९८३ साली मिच केपर या माणसाचं लोटस १-२-३ आलं. हा केपर आधी लोकांना ध्यान शिकवायचा. 'लोटस' हे नाव त्याने आपल्या पद्मासनावरून घेतलं. एक म्हणजे कोष्टक, दोन म्हणजे आलेख, तीन म्हणजे माहितीची साठवण. आकडा बदलला की आलेख आपोआप बदलणार! हातोडी, खोडरबर, सगळ्यांची नोकरी एका दिवसात गेली. त्याच साली वर्डही जन्मला, पण तो बापडा अक्षरांपुरता. १९९१ च्या वर्डबरोबर मायक्रोसॉफ्ट ग्राफ नावाचा एक छोटा भाडेकरू राहायला आला, आणि लिहिता लिहिता मध्येच खांब उभे करायची सोय झाली.

एमएस-सीआयटीत माझी गाठ पडली ती याच भाडेकरूशी. त्याचेही स्वतःचे आकडे असायचे. ईस्ट, वेस्ट आणि नॉर्थ असे तीन विभाग, वर्षाच्या चार तिमाह्या. साउथ नाहीच. दक्षिणेची शाखा का उघडली नाही हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. आणि ईस्ट! पहिल्या तिमाहीत २०.४, दुसरीत २७.४, तिसरीत एकदम ९०, आणि चौथीत पुन्हा २०.४. बँकेत लागल्यापासून मला त्या ईस्टच्या मॅनेजरची फार काळजी वाटत आली आहे. तिसऱ्या तिमाहीत कोणाची तरी मोठी ठेव उचलून आणली असणार आणि बदली झाल्या झाल्या ती परत गेली असणार.

आता माझी गोष्ट. २०१८ चा मार्चअखेर. आमच्या शाखेच्या ठेवी जूनला ४१ कोटी, सप्टेंबरला ४२, डिसेंबरला ४२.६ आणि मार्चला ४३. वर्षभर सगळ्यांनी राबून दोन कोटींची वाढ. मी आकडे भरले आणि समोर पाहतो तो काय, पहिला खांब गुडघ्याएवढा आणि शेवटचा त्याच्या तिप्पट! मला वाटलं माझंच काही चुकलं. चुकलं नव्हतं. या यंत्राचा एक नियम आहे. सगळ्यांत मोठ्या आणि सगळ्यांत लहान आकड्यांतला फरक मोठ्याच्या सहाव्या हिश्श्याहून कमी असला की ते शून्यापासून सुरुवात करत नाही, खालचं परस्पर कापून टाकतं. आमचा तळ त्याने ४० वर नेऊन ठेवला होता. उरले एक, दोन, दोन पूर्णांक सहा आणि तीन. दातेरी रेघ? वर्डमध्ये खांबांना सावली देता येते, काचेसारखी चकाकी देता येते, पण दातेरी रेघेचं बटण नाही.

एवढं मात्र होतं की डाव्या बाजूला ४० पासून आकडे छापलेले होते. बघणाऱ्याने बघितलं असतं तर कळलं असतं. मी कागद साहेबांपुढे ठेवला. साहेबांचा चेहरा खांबाखांबागणिक वर चढत गेला.

"वा! हे आपलंच ना?"

"आपलंच, साहेब. पण तळ चाळीसचा आहे."

"असू दे. मात्र हे बाजूचे आकडे काढून टाका बुवा. गर्दी होते. आणि खांब जरा जाड करा."

मी आकडे काढले. खांब जाड केले. त्याला गॅप विड्थ कमी करणं म्हणतात, अर्ध्या मिनिटाचं काम. फॉरमॅट ॲक्सिसमध्ये जाऊन मिनिममच्या चौकटीत एक शून्य टाकणं हे त्याहून कमी वेळाचं काम होतं. मला ते येत होतं. संख्याशास्त्राचे सर डोळ्यांपुढे आले, जेम्स वॉट तेव्हा माहीत नव्हता. मी शून्य टाकलं नाही. साहेब सज्जन होते, त्यांची बदली घराजवळ व्हायची होती, आणि मला पाच वाजून वीसची बस पकडायची होती.

ही युक्ती माझी नव्हे, हे नंतर वाचून कळलं तेव्हा जरा बरं वाटलं. डॅरेल हफ या अमेरिकन लेखकाने १९५४ साली 'हाऊ टू लाय विथ स्टॅटिस्टिक्स' नावाचं पुस्तक लिहून, आलेखाचे पाय कापून चढण कशी उभी करतात ते चित्रांसकट दाखवून दिलं होतं. पुस्तक अफाट खपलं. पुढे १९६५ मध्ये हेच हफ तंबाखू कंपन्यांच्या बाजूने, सिगारेटविरुद्धची आकडेवारी कशी कच्ची आहे ते सांगायला अमेरिकन काँग्रेसपुढे उभे राहिले. या धंद्याची परंपराच अशी आहे. माझं बरं वाटणं मात्र फार टिकलं नाही.

कारण वरच्या कचेरीने आलेख पाहिला. आकडे अहवालात दुसऱ्या पानावर होते, पण आलेख पहिल्या पानावर होता. अशी चढण असलेल्या शाखेला पुढच्या वर्षी ५२ कोटी जड नाहीत, असं पत्र आलं. साहेब तोवर बदलून गेले होते. आलेख मात्र लॅमिनेट होऊन कॅश काउंटरच्या मागच्या भिंतीवर लागला, हेड कॅशियर मॅडमच्या बरोबर डोक्यावर.

मॅडमचं ते शेवटचं वर्ष. पस्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कधी कोणाला 'ठेव ठेवा' म्हटलं नव्हतं. त्या वर्षी म्हणू लागल्या. संध्याकाळी चळती लावून झाल्या की पर्समध्ये फॉर्म घालून कॉलनीत हिंडायच्या. गुडघे दुखायचे, दोन मजल्यांच्यावर कोणी राहत असेल तर खालूनच हाक मारायच्या. मी माझ्या सासूबाईंचे दीड लाख दुसऱ्या बँकेतून उचलून आणले, त्याबद्दल अजून घरात ऐकतो. २०१९ च्या मार्चला आमच्या ठेवी झाल्या ४४ कोटी. इतर कोणत्याही वर्षी पेढे वाटले असते. त्या वर्षी ठपका आला. मॅडम निरोपसमारंभात म्हणाल्या, "शेवटच्या वर्षी मात्र माझ्याकडून तेवढं झालं नाही." सगळ्यांनी "छे, छे," म्हटलं. मीही म्हटलं.

त्या रात्री बस सोडून मी नवा आलेख काढायला बसलो. चार खांब, मिनिममच्या चौकटीत शून्य, प्रत्येक खांबाच्या डोक्यावर त्याचा आकडा. चहाचे कप उचलायला मामा आले. बरीच वर्षं शिपाई आहेत, छापलेला कागद नजरेनेच तोलतात. म्हणाले, "मशीन अडकलं का, साहेब? एकच खांब चारदा उमटलाय."

नव्या साहेबांनी तो एक शब्द न बोलता पुढे पाठवला. जुना काढून तोच भिंतीवर लावला.

नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचे दाखले द्यायला येतात. मॅडम आल्या. काउंटरच्या या बाजूने त्या पहिल्यांदाच उभ्या होत्या. फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि सवयीने भिंतीकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिल्या.

"अहो," म्हणाल्या, "माझ्या वेळी कसे छान चढत होते हो खांब. मी गेले आणि सगळं सपाट झालं की!"

ठेवींचे आकडे दोन्ही वर्षांचे त्यांना तोंडपाठ होते. पण डोक्यावर वर्षभर खांब होता.

मागे रांग वाढली होती. मी त्यांना म्हटलं, "मॅडम, चार वाजता या. चहा घेऊ. मला जरा एक रेघ काढून दाखवायची आहे." आणि फॉर्मवर, त्या हयात असल्याचा शिक्का मारला.